दडे बसणं वेगळं, कानठळ्या बसणं वेगळं

घाट उतरताना कानाला दडे बसतात. कानाशी सुतळी बॉम्ब फुटला की कानठळ्या बसतात. दोन्ही वेळी कान बंद झाल्यासारखा वाटतो आणि दोन्हींच्या मुळाशी हवेचा दाबच असतो. पण दडे एका जांभईने सुटतात. कानठळ्या सुटल्यासारख्या वाटल्या तरी मागे काही राहून जाऊ शकतं. हा फरक कळला की आवाज म्हणजे काय आणि कान नेमकं काय करतो, हे बरंचसं कळतं.

आधी घाट बघू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे, खोपोली साठेक मीटरवर. गाडी खाली उतरेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब साधारण ६,००० पास्कलने वाढतो. आता आवाजाचे आकडे घ्या. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा कानाशी दाब वरखाली होतो तो जेमतेम ०.०२ पास्कलने. कान दुखू लागेल असा १२० डेसिबलचा आवाज असला तरी हा चढउतार २० पास्कलचा. म्हणजे घाटातला बदल असह्य आवाजाच्या तीनशेपट मोठा असतो, आणि तरीही घाट ऐकू येत नाही.

कारण तो बदल सावकाश होतो. दाब एकूण किती, याच्याशी ऐकण्याचा संबंध नाही. तो सेकंदाला किती वेळा वरखाली होतो, यावर सगळं ठरतं. सेकंदाला २० ते २०,००० वेळा होणारे चढउतार माणसाला आवाज म्हणून ऐकू येतात. सेकंदातल्या या संख्येलाच हर्ट्झ म्हणतात.

ढोल आधी ऐकू येतो, ताशा नंतर

ढोलावर टिपरू पडलं की पान आत जातं आणि बाहेर येतं. बाहेर येताना ते समोरची हवा दाबतं, आत जाताना ती विरळ होते. दाबली गेलेली हवा पुढच्या हवेला दाबते, ती तिच्या पुढच्या. लोकलच्या गच्च डब्यात मागून धक्का आला की तो दारापर्यंत पोहोचतो, पण मागचा माणूस काही दारात येत नाही. हवेचं तसंच. धक्का पुढे जातो, हवा जागच्या जागी डुलते, आणि तेही किती, तर साध्या बोलण्याच्या आवाजात केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकंही नाही.

हा धक्का २० अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. हवा तापली की दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरने वेग वाढतो. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागलं की ती किती किलोमीटरवर पडली ते कळतं, ते याच वेगामुळे. पाण्यात हाच वेग सेकंदाला १,५०० मीटरच्या जवळ जातो.

वेगाला हर्ट्झने भागलं की लाटेची लांबी मिळते. ढोलाच्या 'धम'मध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भरपूर असतो, त्याची लाट साडेतीन मीटर लांब. ताशाची तडतड काही हजार हर्ट्झची, तिची लाट वीतभरही नाही. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात नुसती धमधम येते, ताशा येत नाही. मिरवणूक कोपऱ्यावर वळते आणि ताशा एकदम उघडा पडतो. कारण लांब लाट इमारतीला वळसा घालून येते, आखूड लाटेमागे मात्र इमारतीची सावली पडते. शिवाय हवा आखूड लाटा जास्त शोषते, आणि भिंत-खिडकी जाड आवाजाला फारसं अडवत नाही. म्हणूनच खिडक्या लावून घेतल्या तरी स्पीकरच्या भिंतीचा ठोका छातीत जाणवत राहतो. खिडकीला जाड पडदे लावून तो थांबत नाही. पडदे अडवतात ते चिरके आवाज.

हिवाळ्याच्या रात्री लांबच्या रेल्वेची शिटी स्पष्ट येते, त्याचं कारण नुसती शांतता नाही. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. वरच्या उबदार थरात आवाज जास्त वेगाने जातो आणि त्यामुळे लाट वळून पुन्हा जमिनीकडे येते. दुपारी उलट होतं. लाट वर वळते आणि डोक्यावरून निघून जाते.

विहिरीत बुडी मारली की काठावरचं का ऐकू येत नाही

कानाच्या भोकातून आत गेलेली नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते, आतल्या टोकाला पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या कुठल्याही नळीप्रमाणे हीसुद्धा एका ठरावीक पट्टीत घुमते. तिची लांबी पाहता ती पट्टी ३,००० हर्ट्झच्या आसपास येते. या पट्टीतले आवाज पडद्यापर्यंत पोहोचेतो वाढलेले असतात. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी आहे, मधला कान. तिच्या पलीकडे आतला कान, आणि तो पाण्यासारख्या द्रवाने भरलेला. अडचण इथे येते. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की हजारातला एखादाच भाग आत शिरतो, बाकीचा परत फिरतो. विहिरीत डोकं बुडवलं की काठावरच्यांचं बोलणं बंद होतं, ते यामुळे. कानात ही अडचण तीन हाडं सोडवतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्याचा कामाला येणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर आतल्या कानाच्या खिडकीत बसलेलं रिकिबीचं तळवट ३.२ चौरस मिलिमीटर. जोर तोच ठेवून जागा सतरापट लहान केली की दाब सतरापट होतो. त्यात हातोडी-ऐरणीच्या तरफेमुळे आणखी १.३ पट मिळते. एकूण दाब जवळजवळ बावीसपट वाढून द्रवात उतरतो. हे करणारी रिकीब म्हणजे शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं.

आता दडे का बसतात ते सांगता येतं. हा पडदा मोकळा हलायचा तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. मधल्या कानापासून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात एक नळी जाते. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना उघडते. घाट चढताना आतली जास्तीची हवा आपसूक बाहेर निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब नळीला आणखी दाबून मिटवतो, म्हणून त्रास उतरताना जास्त. पडदा आत ओढला जातो, ताणतो, आणि सगळं दबकं ऐकू येतं. सर्दीने नळी सुजली असेल तर विचारायलाच नको. दडे पक्के बसायची वाट न बघता उतार सुरू झाल्यापासूनच आवळ्याची सुपारी किंवा गोळी चघळत राहावी. तान्ह्या बाळाला तेव्हा दूध पाजावं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकण्यानेही नळी उघडते. हळूच, कारण जोराने फुंकलं तर नाकातली घाण मधल्या कानात जाऊ शकते, आणि पडद्याला इजाही होऊ शकते.

इथे एक प्रयोग आत्ताच करून बघा. तोंड मिटून 'म्म्म्' असा सूर धरा आणि एका कानात बोट घाला. सूर बंद केलेल्या कानाकडे सरकेल आणि मोठा होईल. आपला स्वतःचा आवाज हवेबरोबर हाडांतूनही आतल्या कानात पोहोचतो. त्यातला जो भाग एरवी कानाच्या नळीतून बाहेर निसटतो, तो बोटाने अडवला जातो. कानाचे डॉक्टर कपाळावर ५१२ हर्ट्झचा नादकाटा टेकवून "कुठल्या कानाकडे ऐकू येतंय?" असं विचारतात, ते याच कारणाने. एकाच कानात दोष असेल आणि तो मळाचा, पडद्याचा किंवा हाडांचा असेल तर आवाज त्या कानाकडे जातो. आतल्या कानाचा दोष असेल तर चांगल्या कानाकडे.

साडेतीन हजार पेशी

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी असते, कॉक्लिया. उलगडली तर ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात लांबीभर एक पातळ पट्टी आहे. रिकिबीजवळ ती अरुंद आणि ताठ, शंखाच्या टोकाकडे रुंद आणि सैल. द्रवाला धक्का बसला की या पट्टीवरून लाट धावते. ताशाची लाट सुरुवातीच्या ताठ भागात उंच होऊन तिथेच विरते, ढोलाची टोकापर्यंत जाते. म्हणजे कुठला सूर आला हे पट्टीवरच्या जागेवरून कळतं. ही धावती लाट दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. त्यांनी ती मृतदेहांच्या कानात पाहिली होती. जिवंत कानात लाटेचा माथा याहून कितीतरी टोकदार असतो.

तो टोकदार होतो तो पट्टीवरच्या केशपेशींमुळे. त्या दोन जातींच्या. आतल्या ओळीत एका कानात सुमारे ३,५००, बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. मेंदूला ऐकवण्याचं काम जवळपास सगळं त्या साडेतीन हजारांचं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात, त्याशेजारी हा आकडा ठेवून बघावा. बाहेरच्या पेशींचं काम वेगळं आणि थक्क करणारं आहे. आवाज आला की त्या स्वतः त्याच तालात आखडतात, लांबतात आणि पट्टीला झोका देतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा द्यावा तसं. या रेट्यामुळेच कुजबुज ऐकू येते. हे करताना त्या स्वतःही बारीक आवाज काढतात आणि तो उलट्या वाटेने कानाबाहेर येतो. नवजात बाळाच्या कानात बुचासारखी छोटी नळी ठेवून काही मिनिटांत जी तपासणी होते, ती हाच परतीचा आवाज ऐकते. बाळाला काही करावं लागत नाही, ते झोपलेलं असलेलं बरं.

सुराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साध्या ताणलेल्या पानाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा वेड्यावाकड्या पटींत निघतात. कॉक्लियावर ते विस्कळीत जागी पडतात आणि मेंदू त्यांतून एक सूर बांधू शकत नाही. तबल्याच्या पुडीवरची शाई या पटींना दोन, तीन, चार अशा पूर्ण आकड्यांजवळ आणते, म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्ये मांडलं. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी आधी हाताने आणि कानाने साधलं होतं.

प्रत्येक केशपेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो. पट्टी हलली की झुबका कलतो, केसांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जातात, त्यांना बांधलेली दारं उघडतात, पेशीत विद्युतभार शिरतो आणि खालच्या नसेला निरोप जातो. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला हवा हायड्रोजनच्या अणूच्या दहाव्या हिश्शाइतकीच हलते, तरी तेवढं पुरतं. इतकं नाजूक यंत्र जोराच्या आवाजात मोडतं. केस वाकतात, धागे तुटतात, पेशी दमून मरते. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत.

तीन डेसिबल म्हणजे दुप्पट

डेसिबलचे आकडे साध्या बेरजेचे नाहीत, आणि सगळी फसगत इथेच होते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. तीन डेसिबल वाढले तर ऊर्जा दुप्पट, आणि आपल्याला "जरासा वाढला" इतकंच जाणवतं. नुकसान मात्र ऊर्जेच्या हिशोबाने होतं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेच्या मोजणीत ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात. दर तीन डेसिबलमागे वेळ अर्धा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं.

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या चौकांत सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत आणि शंभरच्या आसपासचे आकडे तिथे नवे नाहीत. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावरचे लोक काही तासांनी घरी जातात. ढोल-ताशा पथकातली मुलं-मुली मात्र त्याआधी महिना-दीड महिना रोज संध्याकाळी सरावाला उभी असतात. कानाशी १०० डेसिबल धरले तर तीन तासांचा सराव म्हणजे बारा दिवसांचा वाटा एका संध्याकाळी संपला.

मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपवर इथे भिस्त ठेवू नये. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. मोठ्या आवाजात तो वरच्या टोकाला अडकतो आणि आकडा कमी दाखवतो. शिवाय नेहमीचं 'ए' मोजमाप जाड आवाज वजा करून मोजतं, १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०. डीजेचा ठोका त्यात खरा दिसतच नाही. त्यासाठी 'सी' मोजमाप लागतं.

कानाची स्वतःची ढाल आहे, पण अपुरी. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक स्नायू रिकीब ओढून धरतो. याला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो आणि अडतात ते मुख्यतः जाड आवाज. फटाक्याचा धक्का तोवर आत जाऊन आलेला असतो.

आवाजाने झालेल्या नुकसानाची पहिली खाच बहुतेकांच्या ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी दिसते. मघाची अडीच सेंटीमीटरची नळी आठवा. ३,००० च्या पट्टीत ती आवाज वाढवते आणि जोराच्या आवाजाचा मार कॉक्लियातल्या पातळ पट्टीवर त्याच्या जरा वरच्या सुरांच्या जागी बसतो. स्वर जाड पट्टीत असतात, स, श, फ, थ यांची फुसफुस बारीक पट्टीत. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. दुकानदार 'साठ' म्हणतो, याला 'आठ' ऐकू येतं. ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडल्याने 'आ' वाढतो, 'स' वाढत नाही. अशा माणसाशी तोंडासमोर येऊन, जरा सावकाश बोलावं.

कान कसे वाचवायचे

कानात कापूस घालून वाजवणारे पुष्कळ दिसतात. साध्या कापसाने थोडेच डेसिबल कमी होतात, आणि तेही चिरके. फोमचे बूच स्वस्त आहेत, पण पुष्कळ लोक ते चुकीचे घालतात. हात स्वच्छ धुवा. बूच बोटांत वळून काडीसारखं बारीक करा, सुरकुती न पाडता. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. बूच आत सारा आणि ते फुगेपर्यंत, सुमारे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमायला लागला की बसलं असं समजा, मघाचाच 'म्म्म्'चा प्रयोग. बूच समोरून अर्धं बाहेर दिसत असेल तर ते नळीच्या तोंडाशीच फुगलंय, काढून पुन्हा घाला.

वेष्टनावर तीसेक डेसिबल लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात निम्मे धरा. पंधरा मिळाले तरी १०० चे ८५ होतात, आणि १५ मिनिटांची मुभा ८ तासांवर जाते. पण मधेच बोलायला म्हणून पाव तास बूच काढलं तर त्या पाव तासातच दिवसाचा वाटा संपतो. ज्यांना ताल आणि इशारे ऐकू यायला हवेत त्यांच्यासाठी गाळणीवाली बुचं मिळतात, ती सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत इतके उतरत नाहीत, तिथे सराव घेऊ नये.

सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजते, सगळं दबकं वाटतं आणि सकाळी बरं वाटतं. याचा अर्थ काही झालं नाही असा घेतला जातो. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि नसा यांचे सांधे मोठ्या प्रमाणात तुटलेले सापडले. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र "दडे बसले असतील" म्हणून थांबू नका. आतल्या कानाचा असा दोष असेल तर औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेलं बरं, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

पथकात वाजवणाऱ्याने हंगामाआधी एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या सुराचं किती ऐकू येतं याचा आलेख, काढावा, आणि त्याआधीचे किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहावं, नाहीतर तात्पुरतं उतरलेलं ऐकणंच कागदावर येतं. नेहमीच्या तपासणीत २,००० नंतर थेट ४,००० आणि मग ८,००० हर्ट्झ घेतात. ३,००० आणि ६,००० सुद्धा घ्या, असं तपासणाऱ्याला आवर्जून सांगावं. खाच कधी कधी नेमकी तिथेच असते.